बारक्या बाप होतो

विनोदी मालिकेतल्या ऑफिसात सात वर्षं साहेबांची खुर्ची लपवणाऱ्या बारक्याला लेखिकाबाईंनी यंदा बाप करायचं ठरवलं. त्याचं काम करणारा नट हिरमुसला.

"बाई, मी शहाणा झालो तर हसणार कोण?"

"शहाणा हो, पण तुझ्या पद्धतीने," बाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांनाही धाकधूक होतीच.

चित्रीकरणात साहेब आजारपणानंतर प्रथमच ऑफिसात आले. बारक्याने स्वतः खुर्ची पुढे केली, वर बाळाची मऊ उशी ठेवली. साहेब टेकताच उशी पिपाणीसारखी वाजली.

बारक्या ओशाळला. "साहेब, ती सगळ्यांशीच अशी बोलते."

सेटवर हशा पिकला. नट डोळे पुसत बाईंकडे आला. "हा बारक्या मला जास्त आवडला."

बाईंचा जीव भांड्यात पडला.