गॅरथ ऑल्डरॉइडची टोपी

मी एक टोपी बोलतेय. उन्हातली नाही, थंडीतलीही नाही. रग्बी लीगमध्ये दांडगे फॉरवर्ड डोक्याला बांधतात ना, आत फोम आणि हनुवटीखाली पट्टा असलेली, ती मी. एके काळी निळी होते. आता माझा रंग विचारू नका. नऊ हंगाम एकाच माणसाच्या डोक्यावर काढले आणि खरं सांगते, मी थकले आहे.

माझा जन्म कुठल्या तरी कारखान्यात झाला असणार, ते काही आठवत नाही. आठवतं ते यॉर्कशरमधलं, कोळशाच्या खाणी बंद पडलेलं आमचं गाव आणि खेळाच्या सामानाच्या दुकानात आलेली कर्स्टी. नवीनच लग्न झालेलं. नवरा गॅरथ गावच्या क्लबचा प्रॉप, म्हणजे फॉरवर्डांतही सगळ्यात पुढे जाऊन धडकणारा. आदल्या शनिवारी त्याचा कान फाटून सात टाके पडले होते.

"हिने डोक्याला काही होणार नाही ना?" तिने विचारलं.

"तिजोरीत ठेवलं समजा, बाई!" दुकानदार म्हणाला.

मला तोंड असतं तर तिथंच खरं सांगितलं असतं. मी कान वाचवते, कातडी वाचवते. आतल्या आत मेंदू हिंदकळतो, त्याला मी काय करणार? पण बिचारीने मला मोठ्या भरवशाने घरी नेलं.

प्रॉपचं काम समजायला सोपं. चेंडू पोटाशी धरायचा आणि समोरच्या तीन माणसांत शिरायचं. ते पाडतात. उठायचं, पुन्हा शिरायचं. चेंडू त्यांच्याकडे गेला की आपण त्यांना पाडायचं. पेपरात फोटो येतो तो कडेने पळणाऱ्या देखण्या मंडळींचा. गॅरथला त्याचं काही वाटायचं नाही. सामना झाल्यावर गरम ग्रेव्ही ओतलेल्या चिप्स मिळाल्या की स्वारी खूश. मला मात्र तो बॅगेत ओल्या मोज्यांखाली कोंबायचा. मग कर्स्टी नाक धरून मला बाहेर काढायची, धुवायची आणि स्वयंपाकघरातल्या हीटरवर वाळत घालायची.

दर जानेवारीत, हंगामाच्या आधी, क्लबचे डॉक्टर माल्टबी सगळ्यांच्या डोक्याची परीक्षा घ्यायचे. ते दहा शब्द वाचायचे, खेळाडूने आठवतील तेवढे परत म्हणायचे. आकडा लिहून ठेवायचा. पुढे सामन्यात कुणाला डोक्याला मार बसला की पुन्हा तशीच परीक्षा. आकडा खाली आला तर मैदानाबाहेर.

नेव्ह नावाचा आमचा एक जुना प्रॉप होता. पहिल्याच वर्षी त्याने गॅरथला शहाणं केलं.

"दहाच्या दहा म्हणू नकोस लेका. बक्षीस समारंभ आहे का इथं?"

"मग?"

"चार म्हण. जरा डोकं खाजव, छताकडे बघ. मग सामन्यात टाळकं सडकून निघालं तरी चार शब्द तर आठवतीलच ना!"

सगळे खो खो हसले. गॅरथही हसला आणि आत जाऊन चार शब्द म्हणून आला. बाहेर आल्यावर मात्र त्याने नेव्हला दहाही घडाघडा म्हणून दाखवले. मी त्याच्या काखेत होते. तेव्हा मलासुद्धा गंमतच वाटली, खोटं कशाला बोलू?

चौथ्या हंगामात एकाचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. गॅरथ उठला आणि थेट विरुद्ध संघाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. प्रेक्षक हसले. डॉक्टरांनी त्याला आत नेलं, दहा शब्द वाचले. त्याने चार सांगितले. कागदावरही चारच होते, म्हणजे सगळं ठीक! पंधरा मिनिटांत आम्ही दोघं परत मैदानावर. त्यानंतर असं किती वेळा झालं ते मी मोजायचं सोडून दिलं.

मग घरातही दिसायला लागलं.

"गॅरथ, दूध कुठंय?"

"फ्रिजमध्ये."

"फ्रिजमध्ये तुझे बूट आहेत."

तो हसला. ती हसली नाही. "तुमच्या त्या परीक्षेत कसं रे काही निघत नाही?" तिने विचारलं, तेव्हा त्याने नेव्हची युक्ती सांगून टाकली. ती मला धूत होती. नळ तसाच वाहत राहिला.

"या जानेवारीत खरी परीक्षा दे," ती शेवटी म्हणाली. "जीव ओतून दे. नऊ-दहा आले तर खेळ, मी हूं की चूं करणार नाही."

"अगं, तीनशे सामने व्हायला फक्त अकरा राहिलेत माझे."

"म्हणूनच म्हणते. दे आणि खेळ बिनघोर."

त्याने शब्द दिला. त्याला तर खात्रीच होती.

डॉक्टर सावकाश वाचत गेले. दिवा, बदक, शिडी, लोकर, पूल, चमचा, ढग, खिळा, लिंबू, घंटा.

"घंटा," गॅरथ म्हणाला. "लिंबू. दिवा. बदक."

आणि थांबला. या वेळी त्याने डोकं खाजवलं नाही, छताकडे पाहिलं नाही. मी मांडीवर होते. त्याने माझा पट्टा इतका आवळला की शिवण उसवली. "थांबा, सांगतो," तो म्हणाला. खूप वेळाने पुन्हा म्हणाला, "सांगतो."

"राहू दे रे, चार झाले," डॉक्टर म्हणाले. "दरवर्षीइतकेच. तुझं डोकं म्हणजे दगड आहे बघ. कर सही."

गॅरथने पेन घेतलं. तीनशे सामने त्या एका सहीपलीकडे होते. मग त्याने पेन खाली ठेवलं.

"डॉक्टर, मी दरवर्षी मुद्दाम चुकायचो."

डॉक्टर हसले. "ठाऊक आहे, तुम्ही सगळे लबाड. आणि आज?"

"आज नाही चुकलो मुद्दाम."

डॉक्टरांचं हसू गेलं. त्यांनी तो कागद काढून घेतला.

कर्स्टी बाहेर गाडीत थांबली होती. गॅरथने तिला चार बोटं दाखवली.

"मुद्दाम केलंस ना?" ती म्हणाली. "खेळायचं म्हणून लबाडी केलीस ना रे? सांग ना, मी रागावणार नाही."

नवऱ्याने आपल्याला फसवलेलं असावं, अशी आशा मी त्या दिवशी एका बायकोच्या डोळ्यांत पाहिली. त्याने मान हलवली. नाही.

आता मी दाराजवळच्या टोपलीत पडून असते. गॅरथ अजून हसतो, बागेत काम करतो, खिशात चिठ्ठ्या ठेवतो. दोनशे एकोणनव्वद सामन्यांवर त्याचं खेळणं थांबलं. मला आता कुणाच्या डोक्यावर जायचं नाही. फक्त मैदानावरच्या तुम्हा धटिंगणांना हात जोडून सांगते, कुणी विचारलं तर जेवढं आठवतं तेवढं सगळं सांगा. आठवतंय तोवर सांगून टाका.