पहिली मूठ बिरोबाची

मी तात्याबाची कातर बोलतेय. मेंढरं कातरायची. शिंप्याच्या नाजूक कातरीशी माझं नातं लावू नका, मला राग येतो.

एका घिसाड्यानं ट्रकच्या मोडक्या पाट्यातून मला घडवलं. तीस वर्षं मी तात्याबाच्या मुठीत होते. मग घरात कातरायचं मशीन आलं. बटण दाबलं की घर्रर्र! मी खुंटीला लागले. पण वर्षातली पहिली मूठभर लोकर बिरोबाला वाहायची असते, आणि ती अजूनही माझ्याच पात्यानं निघते. त्यासाठी तात्याबा मला दरवर्षी धार लावायला सोलापूरला नेतो.

तात्याबाचा मुलगा शहाजी तिथंच विम्याच्या ऑफिसात आहे. पोरगं गुणी, पण अठ्ठाविसाव्या वर्षीच पुढचे केस विरळ झालेले. मुलगी बघायला जाताना टोपी घालायचा. दोन ठिकाणी टोपी काढायला लावली आणि पोहे संपायच्या आत नकार आला. सुट्टीला गावी आला की सकाळी उशीवरचे केस गोळा करून नुसता बघत बसायचा. खुंटीवरून मला ते दिसायचं. मेंढराला इतकी लोकर देणाऱ्या देवानं या पोराच्या बाबतीत हात का आखडता घेतला, कळायचं नाही.

त्या वर्षी धार लावून झाली आणि तात्याबा मला पिशवीत भाकरीशेजारी टाकून शहाजीबरोबर केसांच्या दवाखान्यात गेला. पोराचं रक्त काढणार म्हटल्यावर बापाला राहवेना. डॉक्टर श्रीदेवीबाईंनी समजावलं, "याच्याच हातातून थोडं रक्त घ्यायचं, मशीनमध्ये फिरवायचं, वर येईल ते सुईनं डोक्यात सोडायचं. ऑपरेशन नाही."

"पोराचं कशाला? माजं घ्या की. लई हाय."

"ज्याचं डोकं त्याचंच रक्त लागतं, काका. आणि सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही."

तात्याबानं भाकरी काढायला पिशवीत हात घातला आणि भाकरीआधी मी बाहेर आले. मला बघून नर्स दोन पावलं मागं सरली. "ही न्हाय वापरायची," तात्याबानं तिला धीर दिला.

मशीन थांबलं. नळीत खाली लाल बसलेलं आणि वर पिवळंधमक पाणी. तात्याबाचे डोळे विस्फारले.

"भंडाऱ्याचा रंग! बिरोबा, आलास व्हय हितं? पोराच्या टकुऱ्यावर केस येऊ दे, पहिली मूठ तुजी!"

शहाजी "आबा, नका..." म्हणाला, तेवढ्यात पहिली सुई टोचली आणि पुढचं सगळं "आई गं" मध्ये गेलं. नवस बोलून झाला होता.

महिन्या-महिन्यानं तीनदा सुया झाल्या. पाचव्या महिन्यात कपाळाच्या वरच्या बाजूला काळी लव दिसली, मग तिचे केस झाले. दाट म्हणता येणार नाहीत, पण केसच. कुंभारी गावची प्रियंका बघायला गेला तेव्हा शहाजी टोपी घरी विसरला. मुद्दाम विसरला. होकार आला!

लग्नाला आठ दिवस उरले आणि तात्याबानं मला खुंटीवरून काढलं.

बिरोबाच्या देवळापुढं घोंगडी अंथरली. दोन्हीकडची माणसं जमली. शहाजी कातरायला धरलेल्या मेंढरासारखा मान खाली घालून बसला. तात्याबानं त्याच्या डोक्यावर मूठ ठेवून बघितली. मेंढरं कातरून फुगलेला हात तो. नवे आलेले सगळे केस त्या एका मुठीत मावले.

"आबा, ह्येच्यात तर समदंच गेलं की!" शहाजीचा आवाज रडवेला झाला. खरं सांगते, माझी पाती उघडेनात.

"शब्द दिलाय," तात्याबा म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते.

तेव्हा प्रियंका पुढं आली. "मामा, मूठ कुणाची, ते देवाला सांगितलंय का?"

तात्याबानं डोकं खाजवलं. "तसं न्हाय सांगितलं."

तिनं भावाची सहा महिन्यांची लेक राजनंदिनी उचलली आणि शहाजीच्या डोक्याशी धरली. पोरीनं एवढीशी मूठ पुढं केली, केस पकडले आणि सगळं बळ लावून ओढले.

शहाजीनं डोळे गच्च मिटले. इतकी वर्षं केस त्याच्या हाताला, कंगव्याला, उशीला नुसते निघूनच येत होते. पोरगी लाल होईस्तोवर ओढत राहिली.

एकही निघाला नाही.

"निघंना!" शहाजी ओरडला. "आबा, निघंना की!" तो रडत होता आणि हसत होता. मग त्या चिमुकल्या मुठीबाहेरून मी पाती मिटली. कच्च! आयुष्यातली माझी सगळ्यात लहान कातरणी. तात्याबानं ती लोकर भंडाऱ्यात मिसळून देवाला वाहिली.

आता मी पुन्हा खुंटीवर आहे. लोकहो, मागणं एकच: नवस बोलताना आधी मूठ कुणाची ते ठरवून घ्या. माझ्यासारखीला उगाच घोर लागतो. गंज चढेल म्हणून मात्र माझी काळजी करू नका. शहाजी सुट्टीला येतो, उशी बघतो, डोक्याला खोबरेल चोळतो आणि हाताला उरलेलं तेल माझ्या पात्यांना पुसतो.