उकिरड्यावरची मेंदी

चहाचं ताट घेऊन कुसुमबाई उकिरड्याच्या काठाशी येऊन उभी राहिली आणि गावानं त्याच घटकेला चहा सोडला.

एकाला उपास आठवला. ना सोमवार होता ना एकादशी, पण उपास तो उपास. दुसऱ्याची शुगर उभ्या उभ्या वाढली. तिसऱ्यानं सांगितलं की आपण जन्मात चहाला तोंड लावलं नाही, आणि हा तिसरा तामसीच्या रस्त्यावर चहाची टपरी चालवायचा. कुसुमबाईनं ताट एका दगडावर ठेवलं, वर फडकं टाकलं. माश्यांना उपास नव्हता.

हा झाडं लावायचा सगळा खटाटोप तिचाच. आदिलाबादच्या दवाखान्यात आया म्हणून तिनं उभं आयुष्य काढलं होतं. ऐन तारुण्यात नवरा गेला, तेव्हापासून रोज पहिल्या बसनं जायचं, दिवसभर लोकांचं हगलं-मुतलं, रक्त, वांत्या काढायच्या आणि शेवटच्या बसनं परत यायचं. किळस तिला कधी आली नाही. किळस आली की पगार जातो, म्हणून ती आलीच नाही. गावातलं कुणी आजारी पडलं की कुसुमबाईच्याच ओळखीनं त्याला खाट मिळायची, आणि त्या खाटेवरचा माणूस बरा होऊन गावी परतला की कुसुमबाईच्या घरचं पाणी प्यायचा नाही. घाणीत हात घालणारी बाई, असं गाव म्हणे. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतक्या अंतरावर.

नोकरी संपल्यावर ती दिवसभर घरी राहायला लागली, आणि आयुष्यभराची थकलेली किळस एकदम अंगावर आली. तिच्या ओसरीसमोर गावाची मोकळी जागा होती. म्हणजे कागदावर मोकळी. प्रत्यक्षात घराघरचा उकिरडा तिथं होता, शेणाचे ढीग, कुजलेले कांदे, कोंबड्यांची पिसं, कपाशीच्या फवारणीच्या बाटल्या, आणि आता नव्यानं पोरांची डायपरं. वारा फिरला की भाकरीचा घास तोंडात फिरायचा. ओसरीवर कुणी येऊन बसत नसे. कुसुमबाईनं मनाची समजूत घातली, की लोक येत नाहीत ते ह्या घाणीमुळं. आपल्यामुळं नव्हे. इथं झाडं झाली, सावली झाली की बाया येतील, ओसरीवर टेकतील, आपण चहा ठेवू, त्या घेतील. एवढंच तिला हवं होतं. चहा घ्यावा कुणीतरी.

म्हणून ती पंचायतीत गेली, आणि जातच राहिली. शेवटी सेक्रेटरी प्रणिता मॅडम कंटाळल्या आणि त्यांनी ट्रॉलीभर मोक्के पाठवले. मोक्के म्हणजे रोपं; तेलुगूतला हा शब्द सरकारी रोपाबरोबर फुकट येतो. आत कडुनिंब, करंज लावायचे आणि सगळ्या जागेला मिळून मेंदीचं कुंपण करायचं, असं ठरलं. श्रमदानाला या म्हणून दवंडी दिली. चार माणसं आली तरी पुष्कळ, असं मॅडमचं मत होतं.

अख्खं गाव आलं. म्हातारे आले, लेकुरवाळ्या आल्या, सहा महिने अंथरुणाला खिळलेला एक जण खुर्पं घेऊन आला. प्रणिता मॅडमच्या डोळ्यांत पाणीच आलं. थोडं वासानंही असेल.

कुसुमबाईला तेव्हाच कळायला हवं होतं. ह्या गावात उकिरडा वडिलोपार्जित असतो. भाऊ वेगळे निघाले की घर वाटलं जातं, बैल वाटले जातात आणि मधे धोंडा रोवून उकिरडाही वाटला जातो. शेताची हद्द एखादा विसरेल, उकिरड्याची विसरणार नाही. मॅडमनी जागेभोवती फक्कीची एक मोठी रेघ मारली होती. तिच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. ज्यानं त्यानं मेंदीची रोपं उचलली आणि आपापल्या ढिगाभोवती, अगदी सुतात, लावायला घेतली. आजवर धोंडा होता, तो रात्रीतून सरकायचा. सरकारी रोप सरकत नाही. दुपारपर्यंत त्या मैदानाचं ताट झालं आणि त्यात वाट्या मांडल्यासारखे मेंदीचे चौकोन. मधे ज्याचा त्याचा ढीग, जसाच्या तसा.

प्रणिता मॅडम म्हणाल्या, हे असं नव्हतं करायचं. कुसुमबाईचा पुतण्या अमर गावातल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष होता. त्यानं त्यांना अशा कोपऱ्यात उभं केलं की फोटोत निव्वळ हिरवं दिसावं. फोटो चांगला आला. मॅडम नाकाला रुमाल लावून गाडीत बसल्या.

अमरचा बाप, म्हणजे कुसुमबाईचा दीर चंपतराव, खड्डा खणत होता. कुसुमबाईच्या नवऱ्याच्या वाट्याचा उकिरडा त्यानं केव्हाच आपल्यात ओढला होता आणि आता त्यावर मेंदीचा शिक्का मारत होता. कुसुमबाईनं तक्रार केली नव्हती. शेणावर हक्क सांगायला जायचं कसं? तेवढ्यात त्याचं खुर्पं कशाला तरी खट्कन लागलं. त्यानं वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. गेल्या दिवाळीत वाटीतल्या पाण्यासकट फेकली गेलेली त्याची खालची कवळी होती ती. एका डायपराच्या कुशीत निवांत पडली होती.

चंपतरावानं ती धोतराला पुसली. फुंकर मारली. उन्हात धरून पाहिली. आणि तोंडात बसवून दोनदा कटकट वाजवली.

भोवतालच्यांनी आनंद व्यक्त केला. कुणाला काही वाटलं नाही. कुसुमबाईला मात्र किळस आली. तिनं ती गिळली, आणि दिराचं तोंड धुऊन निघावं म्हणून, खरं तर शेवटचा प्रयत्न म्हणून, एक कप त्याच्यापुढं धरला.

"भाऊजी, घ्या. अद्रक टाकलं हाये."

चंपतरावानं कपाकडं पाहिलं, मग तिच्या हाताकडं. तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्याला हगवण लागली होती तेव्हा ह्याच हातांनी त्याचं अंथरूण चार दिवस बदललं होतं, हेही त्याला आठवत असावं. बहुधा म्हणूनच.

"वयनी, राग नका मानू," तो सापडलेल्या दातांनी स्वच्छ उच्चारत म्हणाला. "तुमचे हात डोयापुढं येते मले. किळस येते, काय करू?"

कुसुमबाई ताट घेऊन घरी आली. चहा मोरीत ओतला. ओसरीवर येऊन बसली, आणि तिला कळलं की आता समजूत घालायला काही उरलेलं नाही.

मेंदी मात्र फोफावली. तिला ज्या दर्जाचं खत मिळालं ते कुठल्या बागेला मिळणार? संक्रांतीपर्यंत ती छातीला लागली. कडुनिंब आणि करंज कचऱ्याखाली गाडले गेले. लग्नसराईत पोरी तीच मेंदी ओरबाडून नेऊ लागल्या. रंग फार चढतो म्हणून भीमपुरापर्यंत तिचं नाव झालं. नवऱ्या मुली हाताचा वास घेत आणि लाजत. कुसुमबाई कुठल्याच लग्नात जेवली नाही.

वैशाखात उकिरडे उपसायला निघाले. मेंदीच्या गर्दीत गाडी न्यायला एकच वाट शिल्लक होती, ती कुसुमबाईच्या ओसरीपुढची. चंपतरावाची बायको भागाबाई सकाळपासून टोपली वाहत होती. डोक्यावरून खताचं पाणी गळून मानेवर वाळलं होतं. चंपतराव गाडी घेऊन शेतात गेला आणि पाण्याचा कॅनही त्याच्याबरोबर गेला.

ऊन माथ्यावर आलं. भागाबाई दोन पावलं डुलली आणि कुसुमबाईच्या ओसरीच्या पायरीवर मटकन बसली. इतक्या वर्षांत त्या पायरीवर बसलेलं पहिलं माणूस.

"बाई," ती जावेला म्हणाली, "पाणी द्या व."

कुसुमबाई दारापर्यंत आली.

"माह्या घरचं?"

"जीव चालला माहा. कायचं घर घेऊन बसल्या."

कुसुमबाई आत गेली. फडताळातला चांगला ग्लास काढला, जो पाहुण्यांसाठी घेतला होता आणि ज्यावरचं दुकानाचं लेबल अजून निघालं नव्हतं. माठातलं पाणी भरलं. बाहेर येऊन तिनं ग्लास पुढं केला.

भागाबाईनं तो दोन्ही हातांनी धरला. नखांत शेण होतं, बोटांच्या पेरांत काहीतरी काळं, चिकट. ग्लासावर दहाही बोटं उमटली. ओठाच्या कोपऱ्यात एक माशी बसली होती, ती उडवायचंही त्राण तिला नव्हतं. तिनं ग्लास ओठांशी नेला. सगळं विसरून, सरळ तोंड लावायला.

ज्या क्षणासाठी कुसुमबाईनं ट्रॉलीभर रोपं आणवली होती तो समोर पायरीवर बसला होता, आणि तिला तो बघवेना.

"भागा," ती म्हणाली. "वरून पी."

भागाबाई थांबली. जावेच्या तोंडाकडं तिनं वर पाहिलं. रागावली नाही, हसली नाही. मग मान मागं टाकली, ग्लास ओठांपासून वीतभर वर धरला आणि डोळे मिटून धार तोंडात सोडली. निम्मं पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं, आणि मानेवर वाळलेल्या काळ्यातून एक उजळ रेघ खाली येत गेली.

कुसुमबाई दारात उभी राहून ती रेघ बघत होती. भागाबाईनं रिकामा ग्लास तिच्यापुढं धरला.

"अजून?" कुसुमबाईनं विचारलं.

भागाबाईनं मान डोलावली. कुसुमबाईनं पदराच्या टोकानं ग्लास धरला आणि आत भरायला गेली.