चष्म्यातला पंचनामा

अमरावतीच्या पोलिसांनी रश्मीला अकोल्याला पाठवलं होतं, कारण छेड काढणारा पोरगा अकोल्याचा. अकोल्याचे फौजदार खुशालराव आता तिला परत अमरावतीला धाडायच्या बेतात होते, कारण छेड काढली तेव्हा ती अमरावतीजवळच्या बडनेऱ्यात, आपल्याच घरात, खुर्चीवर बसलेली होती. कायदा असा दोन्हीकडून हात झटकत होता आणि रश्मीचा पारा चढत चालला होता.

“अंगाले हात लागला काय?” खुशालरावांनी विचारलं.

“तिथल्या अंगाले लागला. चौघायनं घेरलं मले.”

“मंग चष्मा काढून फेकायचा ना! तुले कोन धरून ठेवलं होतं?”

रश्मीच्या अंगाची लाही झाली. तीन आठवडे ती स्वतःला हेच विचारत होती. तो जाड चष्मा डोळ्यांवर चढवून ती एका आभासी सभागृहात इंग्रजी बोलण्याचा सराव करायची. तिथे प्रत्येकाला एक शरीर मिळतं. आपण हात हलवला की तेही हलवतं. तिच्याच क्लासला अकोल्याहून येणाऱ्या पियुषने तीन मित्रांसह तिला तिथे कोपऱ्यात गाठलं, छातीवर हात घातले आणि तो तिचं नाव घेऊन हसला. तक्रार नोंदवली गेली नाही, तर सोमवारी क्लासात त्याच पियुषच्या समोर तिला बसायचं होतं.

“घटनास्थळच नाही, त पंचनामा कायचा करू?” फौजदार म्हणाले.

“हाये ना घटनास्थळ.” रश्मीने पिशवीतून चष्मा काढून टेबलावर ठेवला. “साडेपाचले रोज जमतात ते. तुमीच चाला.”

हवालदार चंदाबाईंनी समोरच्या पानठेल्यावरचे रामराव आणि त्यांचं एक गिऱ्हाईक, असे दोन पंच धरून आणले. चष्म्यात दिसेल ते मोबाइलवरही दिसणार होतं. खुशालरावांनी हसत हसत चष्मा चढवला. आत ते रश्मीच्या शरीरात होते.

“कोनी आलं त बोलू नका साहेब,” ती म्हणाली. आज ते आलेच नाहीत तर?

ते आले. आधी पियुष. “आली व पुन्हा!” मोबाइलमधून आवाज आला. चौघं जवळ सरकले, दार दिसेनासं झालं आणि हात पुढे आले.

खुशालराव मागे हटले. पाठ कपाटावर आदळली. दोन्ही हात छातीशी आवळून ते ओरडले, “हात काढ! हात काढ मनतो ना!” चष्मा काढायचं त्यांना सुचलंच नाही. शेवटी चंदाबाईंनी तो ओढून काढला.

रश्मीला रडू फुटलं, आणि त्या रडण्यात सुटकेचा आनंदही होता, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

चंदाबाईंनी पेन उघडलं. “साहेब, कलम कोनतं टाकू?”

“कलमाचं मंग पाहू. त्या पोराले आनायले गाडी पाठवा. तू जे झालं ते लिव.”

“काय लिवू?”

खुशालराव घोटभर पाणी प्यायले. पंचांकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच रश्मीकडे.

“लिव,” ते म्हणाले, “का पंचायसमोर फौजदार भेला.”