खाजगी कागद आणू नयेत

अकरा नावं संपली आणि बारावा ‘प्रेझेंत’ आला.

हरिश्चंद्र राऊतांचं बोट हजेरीपटावर होतं तिथंच राहिलं. पटावर अकराच नावं होती. दहा कचेरीतल्या कारकुनांची आणि शेवटचं लाहूचं. अकराही जणांचं आपापल्या परीनं पोर्तुगीज भाषेचा गळा दाबून ‘प्रेझेंत’, म्हणजे ‘हजर’, म्हणून झालं होतं. आणि मग मागच्या रिकाम्या बाकाकडून आणखी एक आलं. घोगरं, दमलेलं, पण उच्चार स्वच्छ. त्या वर्गात इतका स्वच्छ उच्चार कुणाचाच नव्हता. भीती वाटली ती त्यामुळे.

“कोण बोललं?” राऊतांनी विचारलं.

फळ्यावर तिसरा नियम होता: वर्गात मराठी, गुजराती, हिंदी बोलू नये. वर्ग सुरू होऊन तीनच आठवडे झाले होते, त्यामुळे ‘मी नाही’ एवढं साधं वाक्यसुद्धा कुणाकडे नव्हतं. अखेर अव्वल कारकून गोविंदराव सावे उठले, उंबरठ्याबाहेर गेले, तिथून मराठीत म्हणाले, “मास्तर, आमच्यातलं कुणी नाही,” आणि आत येऊन परत जागेवर बसले.

नियम पाळणारा माणूस म्हणून राऊतांना त्यांचं कौतुक वाटायला हवं होतं. त्या दिवशी वाटलं नाही.

हे त्रेसष्ट सालचं. दमण मिळून वर्ष उलटून गेल्यावर सरकारच्या ध्यानात आलं की मुलूख आपला झाला, पण त्याचे कागद वाचणारा माणूस आपल्याकडे नाही. हद्दीचे दावे डहाणूच्या कचेरीत येऊन पडले होते आणि पुरावे सगळे पोर्तुगीजमध्ये. तेव्हा शोध घेता घेता जवळच्याच आगर गावच्या चिकूवाडीत राऊत सापडले. तरुणपणी नगर हवेलीत एका लाकूड ठेकेदाराकडे त्यांनी अकरा वर्षं मुनशीगिरी केली होती. शाळेची एक खोली मिळाली, दुपारी चार ते साडेपाच वेळ ठरली. पगार नाही, मानधन. मान कमी आणि धन त्याहून कमी, असं त्यांची बायको अंबूबाई म्हणे.

राऊतांनी पहिल्याच दिवशी सात नियम केले. चार म्हणजे चार. पान, विडी, तपकीर बाहेर. तिसरा वर आलाच आहे. चौथा, मास्तर आल्यावर उभं राहावं. यावर अव्वल कारकुनांनी लेखी हरकत घेतली होती, पण ती मराठीत असल्यामुळे वर्गात वाचता आली नाही. पाचवा, ज्यानं त्यानं आपलीच हजेरी द्यावी. सहावा, तीन दिवस गैरहजर राहणाऱ्याचं नाव कापलं जाईल. सातवा, वर्गात खाजगी कागद वाचायला आणू नयेत.

पहिल्या सहा नियमांची कारणं सगळ्यांना कळली. सातव्याचंही कळलं असं सगळ्यांना वाटलं. पोर्तुगीज येणारा एक माणूस गावात बसला की जो तो आजोबांचे दस्त घेऊन येणार, मास्तरांना उसंत मिळणार नाही. शहाणपणाचा नियम. राऊत रोज तो फळ्यावर इतरांपेक्षा जरा ठळक काढत. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर लाहू मागं रेंगाळला. तलासरीकडचा वारली पोरगा, पंचवीस वर्षांचा, मोजणी खात्यात साखळी ओढायच्या कामावर. त्याच्या साहेबाला ‘एक माणूस पाठवा’ असा हुकूम आला होता आणि कारकुनांपैकी कुणी जायला तयार नव्हतं. सगळ्यांत नाइलाजानं आलेला विद्यार्थी सगळ्यांत पुढे गेला होता. अशा गोष्टी सरकारी कामात होतात, म्हणून सरकार त्यांची नोंद ठेवत नाही.

लाहू उंबरठा ओलांडून बाहेर उभा राहिला. “मास्तर, आता मराठीत बोललू तर चालंल ना?”

“बोल.”

“एक कागद हाय माझे आयसकडं. बापूस नगर हवेलीत लाकडाला गेलता तवाचा. मी तीन वर्साचा व्हतू.”

“नियम सातवा,” राऊत म्हणाले.

“म्हणून वर्गात नाय आणला. घरी येऊ?”

“घरी मी मास्तर नसतो.”

“मग कुठं आणू?”

“शिक आणि तूच वाच.”

“मी साक्षी, हद्द, झाड, दगड एवढंच वाचतू, मास्तर. त्या कागदात यातला एकबी शब्द नाय.”

राऊतांनी छत्री उचलली आणि चालू लागले. लाहूनं मागून हाक मारली नाही. हाक मारणारा माणूस परवडतो.

घरी अंबूबाई चिकू निवडत होती. “आज चेहरा असा का? सावे पुन्हा उभे राहिले नाहीत?”

“वर्गात बारावा आवाज आला.”

“मग मानधन वाढवून मागा.”

पण नवरा हसला नाही, तेव्हा तिनं हातातला चिकू खाली ठेवला. “कोणाचा?”

“ठाऊक नाही,” राऊत म्हणाले. ते खोटं होतं. पहिल्याच शब्दाला त्यांनी तो ओळखला होता.

लाकडाच्या डेपोत मजुरांची हजेरी पोर्तुगीज पद्धतीनं व्हायची. मुनशी नाव घेई, माणूस ‘प्रेझेंत’ म्हणे. साठ माणसांत एकालाच तो शब्द नीट जमे. तुक्या. मुकादम त्याला मुद्दाम दोनदा म्हणायला लावायचा आणि सगळे हसायचे, तुक्यासुद्धा. एक्केचाळीसच्या पावसाळ्याआधी तुक्याला ताप आला आणि चौथ्या दिवशी तो गेला. दुसऱ्या सकाळी राऊतांच्या तोंडून सवयीनं त्याचं नाव गेलं. ‘प्रेझेंत’ आला नाही आणि राऊत पुढच्या नावाकडे वळले.

मृत्यूच्या दाखल्यावर सही दवाखान्यातल्या डॉक्टरची, बाकी अक्षर राऊतांचं. दोन दिवसांनी तुक्याची बायको बुधी कडेवर पोर घेऊन डेपोच्या दाराशी आली. नियमाप्रमाणे कागद नातेवाइकाला द्यायचा होता. तो राऊतांनी दिला. कागदात काय आहे ते सांगायचं, असं नियमात नव्हतं. पण तिनं विचारलं. गाड्या भरायच्या होत्या, मुकादम ओरडत होता, पोर तिच्या गळ्यातली माळ ओढत होतं. राऊत तेव्हा छत्तीस वर्षांचे होते आणि कुणाला रडताना पाहणं त्यांना जमत नसे. ते म्हणाले, “लांब कामाला धाडलाय. येईल.”

ती हसली आणि गेली. त्या दिवशी गाड्या वेळेवर भरल्या.

पुढच्या आठवड्यात राऊतांनी उपाय करून पाहिले. मागचा बाक व्हरांड्यात काढला. आवाज बाक होता तिथून आला. हजेरी लाहूच्या नावापासून उलटी घेतली. शेवटी सावे झाले आणि मग बारावा आलाच. एक दिवस हजेरीच घेतली नाही, तर साडेपाचला, सगळे दप्तर आवरत असताना, न विचारता तो ‘प्रेझेंत’ म्हणाला. वर्गात तंबाखू नाही, उशीर नाही, परकी भाषा नाही. नियम काटेकोर पाळणारा असा विद्यार्थी राऊतांना आयुष्यात मिळाला नव्हता. त्याचं नाव कापायची एकही सोय नव्हती.

मग लाहू गैरहजर राहिला. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. बुधवारी हजेरी संपली तेव्हा पटावर त्याच्यापुढे तीन फुल्या झाल्या. राऊतांनी नाव कापायला टाक उचलला, तेवढ्यात तो दारात आला. आत आला नाही. एवढं मोठं वाक्य पोर्तुगीजमध्ये त्याला येणार नव्हतं.

“नाव काटा, मास्तर. सांगायला आलू. आयस जेवत नाय. म्हणते, दारात कुणी उभा हाय, आत ये म्हटलं तर येत नाय, जा म्हटलं तर जात नाय. भगताला बोलावला. तो म्हणतो, तुझा बापूस मेला का जिता, आधी ते सांग. मेला आसंल तर मी दिवस घालतू, वाटेला लावतू. जिता आसंल तर मी हात लावला तर मरंल. कागद काय म्हणतो?” त्यानं सदऱ्यातून घडी काढली. उंबरठ्याच्या बाहेर हात धरला. “मी आत आणला नाय.”

अकरांतले दहा जण फळ्यावरच्या सातव्या नियमाकडे बघत होते. राऊत उठले. कागद उलगडायची गरज नव्हती. घडीच्या बाहेर आलेल्या दोन ओळींतच स्वतःचं अक्षर दिसत होतं, बावीस वर्षांपूर्वीचं, जरा जास्त देखणं.

“रविवारी येतो,” ते म्हणाले. “तुझ्या आईसमोरच वाचीन.”

“आताच सांगा ना, चांगला हाय का वाईट?”

“रविवारी,” राऊत म्हणाले, आणि वर्गात मराठी बोलल्याबद्दल वर्गाची माफी मागायची राहून गेली.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं ते तलासरीला उतरले. पाड्यापर्यंत पाऊण तास चाल. लाहू पुढे, ते मागे. बुधीबाई कुडाच्या घरापुढच्या ओट्यावर बसली होती, अंगानं वाळलेली, पण ताठ. तिनं राऊतांकडे बराच वेळ पाहिलं.

“मुनशी,” ती म्हणाली. “केस पांढरं झालं तुझं.”

लाहूनं आईकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. त्याला एका क्षणात कळलं, आणि त्यानं कागद राऊतांच्या हातात दिला तो जरा जोरात.

राऊतांनी कागद उलगडला. “बुधीबाई, मी तेव्हा तुला खोटं सांगितलं.”

“आधी वाच. मोठ्यानं वाच, पाड्याला ऐकू जाऊ दे.”

अंगणाभोवती दहा-पंधरा माणसं जमली होती. राऊतांनी आधी पोर्तुगीजमध्ये वाचलं, जसं लिहिलं होतं तसं. कुणाला शब्द कळला नाही, पण कुणी हाललं नाही. मग मराठीत. तुक्या, वय अंदाजे तीस, राहणार तलासरीकडे, ताप येऊन अमुक तारखेला मयत. पुरलं कुठं तेही होतं: डेपोच्या मागं, नदीकडच्या अंगाला. एवढं सगळं त्या घडीत होतं आणि ती घडी बावीस वर्षं तांदळाच्या मडक्यात होती.

“मी तवाच वळखलं व्हतं,” बुधीबाई म्हणाली. “तुझी नजर खाली व्हती.”

राऊतांना हे अपेक्षित नव्हतं. “मग दिवस का नाही घातलास?”

“पंच म्हणले, मुनशी म्हणतो येईल, आन तुक्याच्या नावाचा तर कागद हाय. कागद असलेल्या माणसाला मेला कसा म्हणायचा? तुक्या जिता, तू त्याची बायको. मी म्हटलं, त्याची नजर खाली व्हती. ते म्हणले, नजर काय कागदावर लागती?” तिनं पदर सारखा केला. “सुकऱ्यानं मागणी घातली व्हती मला. रीतीनं. आठ वर्सं थांबला तो. पंच म्हणले, नवरा जिता हाय.”

हे तिनं गेल्या वर्षीचा भात कसा झाला ते सांगावं तसं सांगितलं. माणसांमधून कुणाची तरी नजर कुंपणाकडे गेली, म्हणून राऊतांचीही गेली. तिथं एक म्हातारा उकिडवा बसला होता. मांडीवर कोयता, पुढ्यात अर्धवट सोललेला बांबू.

“माझं चुकलं,” राऊत म्हणाले.

“व्हय,” बुधीबाई म्हणाली. “बस. उन्हातून आलास. लाहू, पाणी दे त्याला.”

लाहूनं लगेच पाणी दिलं नाही. मग दिलं.

सुकऱ्या उठला. कोयता कमरेला अडकवला, डोक्याचं फडकं सोडून हातात घेतलं आणि ओट्याच्या पायरीपाशी आला. पायरी चढला नाही.

“दिवस कधी घालायचा?” त्यानं विचारलं.

“भगत म्हणंल तवा.”

“मी सांगून येतू त्याला.”

बुधीबाई ओट्यावर जरा बाजूला सरकली. एका माणसापुरती जागा झाली. सुकऱ्यानं ती पाहिली, फडकं पुन्हा डोक्याला गुंडाळलं आणि भगताच्या पाड्याच्या वाटेला लागला, कुठलीच घाई नसलेल्या माणसासारखा.

लोक पांगले. ऊन ओट्यावर चढलं. राऊत दुसऱ्या टोकाला पाण्याचा तांब्या धरून बसले होते, तिथून त्यांनी पाहिलं: ती सरकली होती तिथंच बसून होती.