पहिल्या नगाची रजा

वजनकाट्यांच्या त्या कारखान्यात मायक्रॉनला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. तो माल तपासायचा. केसाएवढा फरक त्याच्या नजरेतून सुटत नसे, आणि सुटला असता तर त्याची झोप उडाली असती. दुकानातले काटे, दवाखान्यातले काटे, तान्ह्या बाळांचे काटे, कोणताही नवा माल सुरू झाला की त्यातला पहिला नग त्याच्या टेबलावर येई. तो नग तो मोजायचा, तापवायचा, गार करायचा, दिवसभर त्याच्यावर ओझं ठेवायचा आणि शेवटी खोलून आतल्या स्प्रिंगासुद्धा मोजायचा. सगळं जमलं की बाकीच्या मालाच्या खोक्यांवर त्याचा शिक्का पडे आणि तो माल सुटे. पहिला नग मात्र लाल चिठ्ठी बांधून कपाटात जाई. ही पद्धत त्यानेच बसवली होती आणि तिच्यावर त्याचा जीव होता.

अशा कारखान्यात एका सकाळी फलकावर कागद लागला, की नव्या कायद्याप्रमाणे बाप होणाऱ्या कामगाराला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळेल. लोकांनी कागद वाचला आणि हसून घेतलं. दूध कोण पाजणार, असं एकाने विचारलं. लेथवर काम करणाऱ्या एका जुन्या गड्याने, चार पोरांच्या बापाला मागची थकबाकी मिळते का, याची गंभीरपणे चौकशी केली. फोरमनला तीन मुली होत्या. तिन्ही वेळा आपण पाळीवर होतो आणि घरी कुणाचं काही अडलं नाही, असं तो छाती काढून सांगे. घरी नसताना हे त्याला कसं कळलं, ते कुणी विचारत नसे.

मायक्रॉन मात्र हसला नाही. त्याच्या बायकोला नववा लागला होता. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्याची स्वतःची आई कधीच गेलेली. घरी येऊन बाळंतिणीजवळ बसेल असं तिसरं माणूस नव्हतं. ‘मी आहे ना’ असं तो बायकोला म्हणाला होता, तेव्हा ती गणिताची मास्तरीण त्याच्याकडे नुसती बघत राहिली होती. उत्तर बरोबर असेल, पण पायऱ्या दाखव, असं काहीसं त्या बघण्यात होतं.

तो रजा मागायला गेला तेव्हा एचआरच्या बाई खूश झाल्या. मालकांनाही कुठल्याशा सभेत सांगायला काहीतरी हवंच होतं. अडचण एकच होती. अशी रजा आजवर कुणी घेतलीच नव्हती, तेव्हा ती द्यायची कशी, आणि बाप घरी खरंच बापाचंच काम करतोय हे समजायचं कसं? दारात टेकून उभा असलेला फोरमन म्हणाला, त्यात काय, आपल्याकडे नवी वस्तू तपासल्याशिवाय सुटते का कधी? लावा पहिला नग तपासणीला.

तो गंमत करत होता. दुसरा कुणी असता तर त्याने हसून सोडून दिलं असतं. मायक्रॉनने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “बरोबर आहे.”

मग खुर्ची ओढून तो बाईंना निकष ठरवायला मदत करू लागला. बाप घरी असावा. बाळाच्या संगोपनात त्याचा प्रत्यक्ष हात असावा. कारखान्याचं काम अडू नये. मधलं कलम त्याला ढिसाळ वाटलं, मोजता येईल असं काहीतरी हवं होतं. म्हणून बाळ रडायला लागल्यापासून बापाने उचलून घेईपर्यंतचा वेळ मोजावा, हे त्यानेच सुचवलं. मालकांनी वरून एक ओळ घातली, की नग पास झाला तरच रजेचा पगार. मायक्रॉनने त्याखाली सही केली. पास होण्याआधी कोणत्या मालाचे पैसे मिळतात?

मुलगी झाली. शस्त्रक्रिया करावी लागली. बायको घरी आली ती पलंगावर कुशीला वळतानाही त्याचा हात धरून. दोन दिवस बरे गेले. त्याने लंगोट बदलायला शिकून घेतलं आणि दुपट्यात बाळ गुंडाळण्याची एक नेटकी रीत बसवली. तिसऱ्या दिवशी एचआरच्या बाई फाइल आणि स्टॉपवॉच घेऊन हजर झाल्या. बरोबर फोरमन होता, अनुभवी बाप म्हणून.

दोघं बाळंतिणीच्या खोलीत भिंतीला खुर्च्या लावून बसले. घरी आलेल्या माणसांना चहा तरी विचारायला हवा, म्हणून मायक्रॉन स्वयंपाकघरात गेला. नेमकी तेव्हाच मुलगी रडली. बाईंनी घड्याळाची कळ दाबली. फोरमन मदतीला उठू लागला तशी बाईंनी त्याला खूण करून बसवलं, मापात ढवळाढवळ नको. बराच वेळ कुणी हललं नाही. अखेर टाक्यांवर हात दाबून बायकोच उठली आणि तिने पोर घेतलं. आईने उचललं, बाप अनुपस्थित, असं बाईंनी लिहिलं.

ट्रे घेऊन आलेल्या मायक्रॉनने आपण चहा करत होतो असं सांगून पाहिलं. चहा निकषात नाही, असं बाई म्हणाल्या. त्यांच्या जागी तो असता तर हेच म्हणाला असता.

दुसऱ्या खेपेला मुलगी गाढ झोपली होती. एका मापावर निष्कर्ष काढायचा नाही, निदान तीन हवीत, हाही मायक्रॉनचाच नियम. तेव्हा सगळे तिच्या रडण्याची वाट बघत बसले. फोरमनने हळूच, हलकासा चिमटा काढून बघावा का, असं सुचवलं. पलंगावर डोळे मिटून पडलेल्या बायकोने डोळे न उघडता सांगितलं, की चिमटा काढायचा असेल तर भाऊजींनी आधी स्वतःला काढून बघावा, मग माझ्याकडे यावं. फोरमन खुर्चीत जरा मागे सरकला.

तिकडे कारखान्यात माल तुंबला होता. कारण शिक्का मायक्रॉनच्या खिशात होता. तो त्याने विसरून आणला नव्हता. दुसऱ्याच्या हाती देणं त्याच्या मनालाच शिवलं नव्हतं. आता टेम्पो काटे घेऊन त्याच्या दारात येऊ लागला. बाहेरच्या खोलीत खोक्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, त्यांच्यावर लंगोट वाळू लागले, आणि कानाला फोन लावून मायक्रॉन त्यांतून वाट काढत फिरू लागला. बाईंनी तेही टिपलं. काम अडलं, म्हणजे ही रजा कारखान्याला मानवत नाही. फोरमन म्हणाला, आणि नसतं अडलं तर मालक म्हणतील, मग याला ठेवलाय कशाला? बाईंना दोन्ही मुद्दे पटले. दोन्ही लिहिले.

ती माणसं गेल्यावर मायक्रॉन एक काटा मांडून बसला. आतून बायकोने हाक मारली, ती त्याला तिसऱ्या खेपेला ऐकू आली.

“तुझ्या त्या पहिल्या नगाचं पुढे काय होतं रे?” तिने विचारलं.

विषय आवडीचा होता. त्याने सविस्तर सांगितलं. तापवणं, गार करणं, ओझं, खोलणं, लाल चिठ्ठी, कपाट.

“म्हणजे गिऱ्हाइकाला तो मिळतच नाही.”

“नाही. त्याच्यावर एवढे प्रयोग झालेले असतात, तो कसा देणार?”

“मग माझ्यासाठी दुसरा नग पाठव,” ती म्हणाली. “हा कपाटात ठेव, नाहीतर त्यांना परत दे. सकाळपासून मी पाणी मागतेय.”

ती चिडून बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तो पाणी घेऊन आला, तिला टेकून बसवलं आणि पेला तिच्या ओठांशी धरला. तिचे ओठ सुकून त्यांना भेगा पडल्या होत्या. घरभर मोजमापं चालली होती आणि ही गोष्ट कुणाच्याच नजरेला आली नव्हती, त्याच्याही नाही.

तिसऱ्या मापासाठी बाई आणि फोरमन आले तेव्हा मायक्रॉन दारातच उभा होता. खांद्यावर मुलगी होती, तिने त्याच्या शर्टावर दूध काढलं होतं. आत या, असं तो म्हणाला नाही.

“काट्यावर हात ठेवून वजन घेत नाहीत, बाई,” तो म्हणाला. “तुम्ही या घरात बसता तेव्हा तुम्ही पारड्यातच बसलेल्या असता. हे माप चुकीचं आहे.”

पद्धत त्यानेच ठरवली होती आणि खाली सहीही त्याचीच होती, याची बाईंनी आठवण करून दिली. तो म्हणाला, मान्य, म्हणूनच सांगतोय. कायद्यात पास-नापास कुठेच नाही. ते मी घातलं, आणि ते साफ चुकलं. नग नापास लिहायचा तर खुशाल लिहा. पण त्यावरून पगार कापलात, तर तपासणीत काय चूक होती ते मी कामगार कार्यालयाला लिहून देईन. अहवाल मला बरा जमतो. बाईंनी त्याचे अहवाल वाचले होते. एकदा एका स्क्रूवर त्याने सतरा पानं लिहिली होती. त्यांनी फाइल मिटली.

“आणि माल?” फोरमनने विचारलं. “गाडी भरून उभी आहे रे बाबा.”

आता आली खरी अडचण. मायक्रॉनने मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि खिशात हात घातला. शिक्का वर्षानुवर्षं हाताळून गुळगुळीत झालेला होता. तो कितीतरी वेळ नुसता धरून उभा राहिला. आतून बायकोची हाक आली नाही, मुलगी रडली नाही, त्याला घाई करायला कुणीच आलं नाही. जे काही करायचं ते त्याचं त्यालाच करावं लागणार होतं. त्याने शिक्का फोरमनच्या तळहातावर ठेवला.

“मला जमेल?” फोरमनने विचारलं.

“न जमायला काय झालं,” मायक्रॉन म्हणाला. एवढं महागडं वाक्य तो आयुष्यात बोलला नव्हता.

टेम्पो खोकी घेऊन गेला. बाहेरच्या खोलीत चालायला जागा झाली. त्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन बंद तर पडला नाही ना, हे त्याने दोनदा बघितलं. अखेर दुपारी न राहवून त्यानेच लावला. काटे व्यवस्थित जातायत का, रिकामे असताना शून्य नीट धरतायत का, हे विचारायचं होतं.

सगळं झकास चाललंय, फोरमन म्हणाला, आणि कोण बोलतंय हेही त्याने वर विचारलं. मग गंमत पुरे झाल्यावर त्याने खबर दिली, की पगाराचं जमलं, पुरा मिळणार. फक्त बापाच्या रजेसाठी संगणकात रकानाच नव्हता, म्हणून बाईंनी तो खर्च यंत्रांच्या देखभालीत टाकलाय. आणखी एक गोष्ट सांगायची म्हणून तो जरा घुटमळला. त्या दिवशी घरी जाऊन त्याने बायकोला सहज विचारलं होतं, की पोरी झाल्या तेव्हा काही अडलं होतं का. ती बोलायला बसली ती अजून थांबलेली नाही.

शून्याचं पुन्हा विचारावं म्हणून मायक्रॉनने तोंड उघडलं, तेवढ्यात आत मुलीने सूर लावला.

“ठेवतो,” तो म्हणाला, आणि फोरमनचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याने फोन ठेवला. खोलीत बायको झोपली होती, तोंड किंचित उघडं, एक हात पलंगाखाली लोंबलेला. त्याने मुलीला उचललं, बाहेर आणलं आणि दार ओढून घेतलं. दुपटं नीट गुंडाळलं गेलं नव्हतं, एक पाय बाहेर राहिला होता. तो तसाच राहू देऊन तो येरझाऱ्या घालू लागला.