नानाचा परवाना

सरकारनं मला एक लोखंडी चिमटा दिला होता आणि त्या चिमट्यामागे एक कायदा. परवान्याशिवाय कुणी वळू ठेवायचा नाही. ठेवला तर जनावरांच्या डॉक्टरनं तो खच्ची करायचा. डॉक्टर म्हणजे मी. १९६६ च्या हिवाळ्यात शिंदखेड्याकडची पस्तीस गावं माझ्याकडे होती. महिन्याला किती वळू खच्ची झाले तो आकडा धुळ्याला पाठवावा लागे. किती गुरं औषधावाचून मेली, हे मात्र कुणी विचारत नसे.

कायदा वाईट होता असं मी म्हणणार नाही. मरतुकड्या वळूची पैदास मरतुकडीच होते. पण त्या एका गावात मी कायद्यावर नाही, माणसांवर चिडलो.

तिथला वळू कुणाचाच नव्हता. वना पाटील वारले तेव्हा त्यांच्या बायकोनं, सुंदरबाईनं, आपल्या गाईचा सगळ्यात देखणा गोऱ्हा अकराव्याला त्यांच्या नावानं सोडला होता, मांडीवर त्रिशूळाचा डाग देऊन. असा पोळ कुणी बांधायचा नाही, त्याला कुणी मारायचं नाही. तो गावभर चरत मोठा झाला. गाव त्याला 'नाना'च म्हणे, कारण वना पाटलांना सगळे नाना म्हणत. "नाना, जरा सरका," म्हणत बाया विहिरीवर वाट काढत. सुंदरबाई तर तो समोर आला की पदर नाकापर्यंत ओढून भिंतीला लागून उभी राहायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसलो होतो. नंतर माझीच मला लाज वाटली.

तक्रार पोलीसपाटील पितांबर आबांची. नानानं त्यांची दादर, म्हणजे हिवाळी ज्वारी, ऐन कणसात आडवी केली होती. पोळावर काठी उगारली तर पाप. म्हणून आबांनी गुपचूप अर्ज केला, की बिनपरवान्याचा वळू गावात फिरतो, बंदोबस्त व्हावा. खाली आणखी एक ओळ होती: 'खच्ची झाल्यावर बैल सांभाळायला मी तयार आहे.' पाप सरकारच्या माथी आणि फुकटचा बैल आबांच्या औताला. आयत्या बिळावर नागोबा!

मी चावडीवर नोटीस लावली. आठ दिवसांत मालक पुढे आला तर वळूची तपासणी होऊन परवाना मिळेल, नाहीतर चिमटा. मालक कुठून येणार?

आठव्या दिवशी सरकीची पाटी दाखवून नानाला चावडीसमोरच्या निंबाला बांधलं. सगळं गाव गोळा झालं. मी चिमटा काढला, तेवढ्यात गर्दीतून सुंदरबाई आली. वळू दिसताच तिनं सवयीनं पदर ओढला.

पदराआडूनच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, थांबा. हाऊ वळू मना शे."

पितांबर आबा ओट्यावरून उठले. "सुंदरबाई, तू तेले सोडेल शे. दान परत लेतस का कोनी? परत लिधं ते वनाले तठे पानी पोचाव नही."

लोक कुजबुजले. म्हाताऱ्या बायांनी कानाला हात लावले. मेलेल्या नवऱ्याला दिलेलं परत मागायचं, हे धाडस मी कुणात पाहिलं नव्हतं.

तिनं आबांकडे पाठ केली. मला म्हणाली, "मालक व्हयनू ते काय करनं पडी?"

मी नियम वाचून दाखवले. वळू आपल्या दारी बांधायचा, चारापाणी आपण करायचं, मालकाच्या मर्जीशिवाय तो कुणाच्या गाईला लावायचा नाही.

"शेवटलं परत वाचा."

मी परत वाचलं. तिनं मान हलवली.

आबांचा आवाज चढला. "पाप शे हाई! तुना घरनं पानी आते गावमां कोनी पेवाव नही!"

तेव्हा सुंदरबाईनं पदर मागे सारला आणि खांद्यावर घेतला. नानासमोर तिचं तोंड गावानं आज पहिल्यांदा उघडं पाहिलं.

"पदर मना धनीकरता व्हता. हाऊ मना बैल शे. तेस्ले तहान लागी ते येतीन मना सपनमां, मांगतीन पानी. मी पानी दिसू तेस्ले. पन माले पोरंसोरं नही, आबा. गावमां जेवढा गोऱ्हा शेतस, बठ्ठा यानाज शेतस. याले मी हात लावू देवाव नही."

आबा पुन्हा धर्म सांगू लागले तसं माझं डोकं फिरलं. मी पिशवीतून त्यांचा अर्ज काढला आणि खणखणीत आवाजात वाचला. असं करायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. "बैल सांभाळायला मी तयार आहे" हे वाक्य तर दोनदा वाचलं. आबा ओटा उतरून घरी गेले.

मग मी नानाची तपासणी केली. सहा दात, पाठ सरळ, छाती रुंद, खूर काळेभोर. माझ्या पस्तीस गावांत त्याच्या तोडीचा वळू नव्हता आणि मी त्याला चिमटा लावायला निघालो होतो! मी मालकाच्या रकान्यात सुंदरबाईचं नाव लिहिलं. तिनं नानाच्या गळ्यात दावं घातलं आणि भर गल्लीतून, उघड्या डोक्यानं, त्याला घरी नेलं. तिच्या दारात त्या दिवसापासून कुणी पाऊल ठेवलं नाही.

पंधरा दिवसांनी शिक्क्याचा परवाना घेऊन मी गेलो, तर तिच्या अंगणाबाहेर पितांबर आबा उभे. हातात दावं, दाव्याला त्यांची गीर गाय. गाय माजावर आलेली, सारखी हंबरत होती. बाकीचे वळू माझ्याच चिमट्याखालून गेलेले; पंचक्रोशीत आता एकटा नाना उरला होता. आणि गाय काही आबांच्या अब्रूसाठी थांबणार नव्हती.

सुंदरबाईनं माझ्या हातून परवाना घेतला, कपाळाला लावला, घरात गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मला वाटलं, माझ्यासाठी. ती माझ्यासमोरून पुढे गेली आणि आबांसमोर उभी राहिली.

"आबा, पहिले मना घरनं पानी प्या. मंग गाय मझार, अंगनमां आना."

गल्लीतल्या दारादारांत माणसं आली. गाय पुन्हा हंबरली. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गाईकडे. मग तांब्या तोंडाला लावला.

"बठ्ठं प्या," सुंदरबाई म्हणाली.

आबांनी तांब्या रिकामा करून तिच्या हातात दिला. तेव्हा कुठं तिनं नानाचं दावं सोडलं.